चुन्यानं हवेतला कार्बन धरतात म्हणे. परातीत करून बघितलं, आता पुढं काय?

चुनकळी_अंबाजोगाई (प्रश्न)

नमस्कार मंडळी. अंबाजोगाईत माझं रंग-सिमेंट-हार्डवेअरचं दुकान आहे. प्रश्न लांबलचक आहे, पण अर्धवट सांगितलं तर तुम्हीच चार उलटे प्रश्न विचाराल, म्हणून सगळंच लिहितो.

आमचे आजोबा चुना भाजायचे. केजकडं मांजरेच्या काठाला भट्टी होती. काळ्या रानातनं, नदीच्या दरडीतनं चुनखडीचे खडे वेचायचे. एक थर खड्यांचा, एक थर लाकूड-कोळशाचा असं रचून भट्टी पेटवायची. मी बघितली ती विझलेलीच. आत बोरीचं झाड आलतं. आता चुना बाहेरून गोणीत येतो, दसरा-दिवाळीला खपतो, नाहीतर मोसंबीवाले बोर्डोसाठी (बुरशीवरची फवारणी) मोरचुदासोबत नेतात.

मार्चमध्ये दुकानात दोन पोरं आली. गळ्यात आयकार्ड, हातात टॅब. म्हणले, काका, तुमची दोन एकर पडीक आहे ती द्या, वर दीड लाख नोंदणी भरा. आम्ही रानात ट्रे मांडणार, ट्रेमध्ये चुना. चुना हवेतला कार्बन खाणार, त्याचे क्रेडिट, म्हणजे धरलेल्या कार्बनचे दाखले, आम्ही परदेशात विकणार, तुम्हाला वर्षाला हिस्सा. मी म्हणलं, चुना कार्बन खातो हे मला सांगू नका, माझ्या आजोबाला विचारा. तर त्यांनी कॅलिफोर्नियाचा व्हिडिओ दाखवला. मी रात्री पोरीला शोधायला लावलं. व्हिडिओ खरा निघाला. एअरलूम नावाची कंपनी आहे, ट्रेसी गावात नोव्हेंबर २०२३ ला प्लांट सुरू झाला, क्षमता वर्षाला १,००० टन. उंचच्या उंच रॅक, त्यावर चुन्याचे ट्रे. म्हणजे गोष्ट बनावट नाही.

मग मी घरीच करून बघितलं. आधी जर्मनच्या परातीत ओला चुना पसरला. परात बुडबुडे काढायला लागली आणि काळी पडली. सौ.नी माझा उद्धार केला. मग स्टीलच्या दोन पराती आणल्या (पैसे माझ्या खिशातनं). चुनकळी पाण्यानं विरवून, चाळून, कोरडी फक्की करून प्रत्येकीत बरोबर ५०० ग्रॅम. दुकानातला काटा ग्रॅमपर्यंत दाखवतो. एक परात ठेवली कपाटावर, कोरडी. दुसरी माठाच्या तिवईखाली, जिथं फरशी कायम ओली असते. ती मी रोज सकाळी दुकान उघडताना कालथ्यानं खालीवर करतो.

चाळीस दिवस झाले. कपाटावरची: ५०९ ग्रॅम. माठाखालची: ५६१ ग्रॅम.

माझे प्रश्न: एकाच गोणीतला चुना, एवढा फरक का? हे ५२ ग्रॅम जास्तीचे कुठून आले? आणि त्या पोरांना दीड लाख द्यावे का? चेष्टा नको, खरोखर विचारतोय.

मास्तर_लातूर

काका, लातूरला अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवतो. विद्यार्थी 'हे परीक्षेला येतं का' एवढंच विचारतात, त्यामुळं तुमची परात वाचून बरं वाटलं. मोठं उत्तर देतो.

आधी जर्मनची परात. चुना ॲल्युमिनियम खातो, त्यात हायड्रोजन सुटतो. परत करू नका, आणि चुना हाताळताना डोळ्याला चष्मा लावा.

आता फरक. कोरड्या चुन्याला हवेतला कार्बन डायऑक्साइड जवळजवळ धरताच येत नाही. वायू आधी पाण्याच्या पातळ थरात विरघळतो, तिथं चुनाही थोडा विरघळलेला असतो, मग दोघांची गाठ पडते. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये दुपारी ओठ फुटतात, तशा हवेत चुना नुसता बसून राहतो. माठाखाली ओल होती म्हणून काम झालं. शिवाय तुम्ही खालीवर करत होता. नाहीतर वरचा थर दगड होऊन आतल्याला झाकतो.

पण ते ६१ ग्रॅम सगळे कार्बनचे नाहीत. त्यात ओलही आहे. माठाखालची फक्की तव्यावर मंद आचेवर कोरडी करा, करपवू नका, आणि पुन्हा तोला. तो आकडा कळवा, मग हिशोब सांगतो.

तोवर कागदावरचा हिशोब. विरवलेला चुना ७४ भाग घेतला तर तो ४४ भाग कार्बन डायऑक्साइड धरतो, १८ भाग पाणी सोडतो आणि १०० भाग चुनखडी होते. म्हणजे तुमचे ५०० ग्रॅम पुरते मुरले तर ६७६ होतील. त्याच्यावर काटा जाणार नाही, पंधरा वर्षं ठेवलं तरी.

चुनकळी_अंबाजोगाई

सर, आज दुपारी तव्यावर कोरडी केली. ५४४ भरली. कपाटावरचीही केली, ५०७.

मास्तर_लातूर

झकास. निव्वळ वाढ ४४ ग्रॅम. पण लक्षात घ्या, आत आलेला वायू ४४ पेक्षा जास्त आहे, कारण पाणी बाहेर गेलंय. हिशोबानं सुमारे ७४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड तुमच्या परातीत बसला. चुन्याचा चौथा हिस्सा मुरला.

७४ ग्रॅम म्हणजे किती? हवेत हा वायू दहा लाख भागांत सुमारे ४२५ भाग. एका घनमीटर हवेत पाऊण ग्रॅम. दहा बाय दहा बाय दहा फुटांच्या खोलीत सगळा मिळून एकवीस-बावीस ग्रॅम. म्हणजे चाळीस दिवसांत तुमच्या परातीनं साडेतीन खोल्यांची हवा धुवून काढली. आणि माणूस दिवसाला साधारण किलोभर सोडतो. परातीनं चाळीस दिवसांत जे धरलं ते तुम्ही गिऱ्हाइकाशी घासाघीस करत पावणेदोन तासांत सोडता.

ट्रेसीवाल्यांचं कौतुक इथं आहे. त्यांचा चुना तीन दिवसांच्या आत मुरतो. बारीक पूड, पातळ थर, ओल नेमकी. तुमच्या आजोबांनी वाडा बांधला असेल तर त्या भिंतीत हेच काम वर्षानुवर्षं चाललं. ते ट्रेवर तीन दिवसांत उरकतात.

पण काका, धरणं हा सोपा भाग आहे. धरलेलं सोडवायचं कसं? मुरलेला चुना परत कामाला लावायचा तर तो पुन्हा भट्टीत घालायचा, ९०० अंशाच्या आसपास. तिथं वायू सुटतो, तो नळीनं गोळा करायचा, चुना परत ट्रेवर. ट्रेसीला विजेची भट्टी आहे. तुमच्या आजोबांच्या भट्टीतही शंभर किलो शुद्ध चुनखडीतून ४४ किलो वायू सुटायचाच, फक्त तो धुरासोबत मांजरेवरनं उडून जायचा.

आता विजेचा हिशोब. एक टन वायू चुनखडीतून सोडवायला कमीत कमी १,१२५ युनिट एवढी उष्णता लागते. ही निसर्गाची किंमत, यात घासाघीस नाही. खरी भट्टी याहून जास्तच खाणार. दुकानाचं युनिट दहा रुपये धरा: टनामागं सव्वाअकरा हजार, नुसत्या उष्णतेचे. आणि आपली ग्रिडची वीज बरीचशी कोळशाची, युनिटमागं सुमारे ०.७ किलो वायू सोडते. म्हणजे एक टन सोडवताना परळीच्या वीजकेंद्रासारख्या एखाद्या चिमणीतून जवळपास आठशे किलो वर गेले. एका हातानं भरायचं, दुसऱ्यानं सांडायचं.

सोलर लावू म्हणाल. लावा. एक किलोवॉटचं पॅनल आपल्या उन्हात वर्षाला चौदाशे-साडेचौदाशे युनिट देतं. ते सरळ दुकानाला जोडलं तर तेवढी कोळशाची वीज वाचते, म्हणजे वर्षाला एक टन वायू सुटायचाच थांबला. तेच पॅनल चुन्याच्या भट्टीला जोडलं तर कागदावर सव्वा टन, प्रत्यक्षात पंखे, गळती, वायू दाबायचा खर्च धरून त्याहून कमी. आजच्या घडीला तरी मी पॅनल छतावर टाकीन.

त्या मुलांना एकच विचारा: भट्टी कुठंय आणि कशावर चालते?

ओटी_नांदेड

मी नांदेडला ओटीत (ऑपरेशन थिएटरात) टेक्निशियन आहे, त्यामुळं चुन्याशी रोजचा संबंध. कुणाला माहीत नसतं, पण भूल दिलेल्या पेशंटच्या श्वासाच्या वाटेवर चुना असतो. सोडा लाइम म्हणतो आम्ही. ज्वारीच्या दाण्याहून जरा मोठे पांढरे दाणे, बहुतेक विरवलेला चुनाच, थोडा कॉस्टिक आणि चौदा-पंधरा टक्के पाणी मुद्दाम ठेवलेलं. पेशंटनं सोडलेला कार्बन डायऑक्साइड तो खातो, उरलेला गॅस परत पेशंटला जातो.

मास्तर सर ओलीबद्दल बोलले ते आम्ही हातानं बघतो. दाणे सुकले की निकामी. आणि काम चालू असताना डबा कोमट लागतो, आत घाम येतो. मुरलेला दाणा पांढऱ्याचा जांभळा होतो. पण नवीन मुलींना मी पहिल्या दिवशी सांगते: रात्रभर मशीन बंद राहिलं की जांभळा रंग पुन्हा फिका पडतो. सकाळी डबा पांढरा दिसतो, बाई खूश, आणि पहिल्या केसला कॅप्नोग्राफवर (श्वासातला हा वायू मोजणारं यंत्र) आकडा चढतो. रंगावर जाऊ नये. (काका, हे तुमच्या ट्रेवाल्यांनाही लागू.)

दोन गोष्टी लक्षात घ्या. एक, पेशंटच्या श्वासात हा वायू चार-पाच टक्के असतो. मोकळ्या हवेत ०.०४ टक्के. शंभरपट पातळ. आमचा डबा तासाभरात जे खातो ते मोकळ्या हवेतून मिळवायला किती हवा त्यावरनं फिरवावी लागेल, बघा. दोन, आम्ही मुरलेले दाणे फेकून देतो. कुणी भाजत बसत नाही. परवडत नाही.

आणि सगळेच असले पदार्थ चुन्यासारखे घट्ट धरत नाहीत. २०२१ मध्ये ऑक्सिजनच्या मारामारीत जे प्लांट बसले, त्यांच्या टाक्यांत झिओलाइटचे मणी आहेत. दाब दिला की नायट्रोजन धरतात, दाब काढला की सोडतात. मिनिटाच्या आत. भट्टी नाही, काही नाही. तिथं पकड ढिली म्हणून सोडवणं सोपं. चुन्याची पकड घट्ट म्हणून सोडवायला ९०० अंश. माझ्या मते सगळा खेळ त्या पकडीचा आहे.

खडकवाली

झिओलाइटचं नाव निघालं म्हणून डोकावले. ताई, विहीर खणताना संभाजीनगर-जालन्याकडं ज्या गारगोट्या निघतात ना, पांढऱ्या-गुलाबी, पंख्यासारख्या, त्यातल्या कित्येक झिओलाइटच. स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट. पोरं खिशात घालून फिरतात. पण त्यांच्या भोकांत हवेतली वाफ आधी जाऊन बसते, कार्बन डायऑक्साइडला उभं राहायला जागा उरत नाही. हवेतून धरायचं तर आधी हवा कोरडी करा. म्हणजे चुन्याला ओल पाहिजे आणि झिओलाइटला ओल नको. कुठलंच काम फुकटात होत नाही.

पण_कशाला

काका, दीड लाखाचा चुना लावायला आलेत, तेही चुन्याच्याच व्यापाऱ्याला. धाडस मानलं पाहिजे.

चुनकळी_अंबाजोगाई

चेष्टा नको म्हणलतो, पण ही चालेल.

मास्तर सर, फोन केला त्यांना. विचारलं, भट्टी कुठंय? उत्तर आलं, 'सर, रिजनरेशन आपलं फेज टूमध्ये आहे.' रिजनरेशन म्हणजे चुना परत भाजणं. म्हणलं, मग फेज वनमध्ये मुरलेला चुना कुठं टाकणार? म्हणले टीम कॉल करेल. टीमचा कॉल अजून यायचाय.

पण एक खरं सांगतो. माझ्या साडूनं परळीकडं पन्नास हजार भरून टाकलेत, मला न विचारता. त्याच्या रानात निळे ट्रे येऊन पडलेत थप्पीनं. चुना नाही. आता पाऊस लागला की डास होणार. त्याला काय सांगू ते सुचेना.

मळीवाला

राम राम. मी धाराशिव जिल्ह्यात एका कारखान्याच्या डिस्टिलरीत केमिस्ट. कारखान्याचं नाव सांगत नाही, चेअरमन वाचत नसले तरी पोरगा वाचतो.

चुना आमच्याकडंही टनानं लागतो, उसाचा रस निवळायला. पण मला वेगळंच सांगायचंय. तुम्ही सगळे ०.०४ टक्के हवेच्या मागं लागलात. आमच्याकडं टाकीच्या तोंडाशी जवळजवळ निव्वळ कार्बन डायऑक्साइड फसफसतोय, त्याच्याकडं कुणी बघत नाही.

मळी आंबवली की साखरेचे दोन भाग होतात, अर्धा मद्यार्क, अर्धा हा वायू. वजनानं जवळपास सारखेच. एक लिटर इथेनॉलमागं पाऊण किलो. साठ हजार लिटरची डिस्टिलरी रोज ४५ टन सोडते. मास्तर, तुमची ट्रेसी वर्षाला १,००० टन. आम्ही तेवढं बावीस दिवसांत सोडतो. आणि ते धरायला ना चुना लागतो ना ९०० अंश. नळी लावायची, धुवायचं, दाबायचं. काही ठिकाणी धरतातही, थंड पेयवाल्यांना आणि सुक्या बर्फाला विकतात. बाकी ठिकाणी टाकीवरनं वर.

कुणी म्हणेल हा काही हवेतला नाही. अहो, ऊस हवेतनंच घेतो की! अठरा महिने उभा राहून त्यानं धरलेला तो. उसाइतका स्वस्त ट्रे कुणाकडं आहे? (पाण्याचं मला विचारू नका. मराठवाड्यात ऊस किती असावा यावर इथं आधी भांडणं झालीत, माझा पगार उसातून येतो.)

टाकीवर वाकून बघू नये हे मात्र सांगतो. वायू जड, खाली साचतो. आमच्याकडं एक नवा मुलगा रिकामी टाकी धुवायला शिडीनं उतरला, तीन पायऱ्यांवर पाय लटपटले. वरच्यानं कॉलर धरून ओढला म्हणून आज आहे. तेव्हापासून मेणबत्ती सोडल्याशिवाय कुणी उतरत नाही, आता मीटरही आलाय.

चुनकळी_अंबाजोगाई

मळीवाले भाऊ, मग धरून ठेवायचा कुठं? सोड्याच्या बाटलीत घातला तर बाटली फोडली की गेला.

जुनी_विहीर

हा प्रश्न माझा. भूजलाच्या खात्यात बत्तीस वर्षं काढली, निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. मराठवाड्यातल्या विहिरी बघण्यात आयुष्य गेलं. मुरूम, मग मांजऱ्या (भोकाभोकांचा बेसाल्ट), मग काळा पाषाण (घट्ट बेसाल्ट), मग एखादा गेरूचा पट्टा, पुन्हा मांजऱ्या. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, थरावर थर.

चुनकळीराव, तुमच्या आजोबांनी वेचलेला खडा काय होता ते आधी सांगतो. आपल्या भागात बेसाल्टच बेसाल्ट, वेगळा चुनखडक बहुतेक ठिकाणी नाही. मग काळ्या रानात चुनखडीचे खडे येतात कुठून? बेसाल्टमध्ये कॅल्शियम असतं. पावसाचं पाणी मातीत मुरताना मुळांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड घेतं, किंचित आंबट होतं, खडक झिजवतं, कॅल्शियम सोडवतं. उन्हाळ्यात माती सुकली की दोघं मिळून खडा होतो. म्हणजे हवेतला कार्बन दगडात धरायचं काम तुमच्या बांधावर हजारो वर्षं फुकट चाललंय. आजोबा तो भाजून परत सोडत होते. त्यांची चूक नाही, घरं बांधायची होती.

आता साठवण. आइसलँडमध्ये हेलिशेइदीला कार्बफिक्स नावाच्या प्रकल्पवाल्यांनी २०१२ मध्ये हेच काम यंत्रानं केलं. कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळवून बेसाल्टमध्ये सोडला. अंदाज होता शेकडो वर्षं लागतील. २०१६ मध्ये छापून आलं की दोन वर्षांच्या आत ९५ टक्के दगड झाला. भोकाभोकांत पांढरा कॅल्साइट. नमुन्याचे फोटो बघितले तेव्हा मला आपल्या मांजऱ्याच्या कोअरची (बोअरमधनं काढलेल्या दगडाच्या कांडीची) आठवण झाली, इतकं सारखं. त्याच जागी क्लाइमवर्क्स कंपनीची हवेतला कार्बन धरायची यंत्रं आहेत, २०२४ ला सुरू झालेलं मॅमथ वर्षाला ३६,००० टन क्षमतेचं.

मग आपल्याकडं का नको? बेसाल्ट तर लाखो चौरस किलोमीटर. मी कागद घेऊन बसलो. त्या पद्धतीला एक टन वायूमागं साधारण पंचवीस टन पाणी लागतं.

२०१६ चा एप्रिल आठवा. मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली. पहिली दहा वाघिणींची, पाच लाख लिटर. नंतर पन्नास वाघिणींची, पंचवीस लाख लिटर. मी तेव्हा लातूरला होतो. फलाटाशेजारी पाइप जोडताना बघायला बाया-माणसं कडेवर पोरं घेऊन उभी होती, देव आल्यासारखी. ती अख्खी पन्नास वाघिणींची गाडी जमिनीत सोडली तर शंभर टन वायू दगड होईल. मळीवाल्यांच्या एका डिस्टिलरीचा सव्वादोन दिवसांचा. हे मी लातूरच्या माणसाला समजावून सांगू शकत नाही, माझ्यानं होणार नाही.

खारं पाणी वापरायचे प्रयोगही तिकडं झालेत. आपल्याला ते कोकणात सुचावं. इथं बोअर सातशे-आठशे फूट गेले तरी कोरडे, आणि जे पाणी लागतं ते कुणीतरी पीत असतं. शिवाय आपला थर भेगाळ. कुठल्या विहिरीचं पाणी कुठं निघतं ते मला बत्तीस वर्षांत पूर्ण कळलं नाही. तिथं दाबानं आंबट पाणी सोडायला मी सही केली नसती.

उलट दिशेनं मात्र एक काम चाललंय ते सांगतो. बेसाल्टची पूड शेतात पसरायची, ती झिजताना कार्बन धरते. माती कार्बन नावाच्या संस्थेनं मध्य भारतातल्या भातशेतीत हे केलं आणि २०२५ मध्ये एक्सप्राइझ या स्पर्धेचं पाच कोटी डॉलरचं मोठं बक्षीस घेतलं. ऐकून आमच्या पुतण्यानं क्रशरवरनं ट्रॉलीभर कच आणायची तयारी केली होती. थांबवला. भाताचं रान ओलं आणि बहुतेक किंचित आम्ल, तिथं पूड झिजते. आपलं काळं रान मुळातच बेसाल्टचं, सामू आठच्या आसपास, त्यात वर्षातले सात-आठ महिने कोरडं. तिथं दगडाला झिजायची घाई नाही.

मास्तर_लातूर

काका, गेल्या आठवड्यात तुमचा भाचा क्लासला आला होता, त्याच्याबरोबर फिनॉल्फ्थॅलिनची छोटी बाटली पाठवलीय. ज्वलनशील असते, चुलीपासून लांब ठेवा. परातीतला खडा मधोमध फोडायचा आणि थेंब टाकायचा. न मुरलेला चुना गुलाबी होईल, मुरलेला रंगहीन राहील.

आता ट्रेसीची तुलना. वर्षाला १,००० टन म्हणजे रोज ३०० किलोमीटर धावणाऱ्या, लिटरला पाच किलोमीटर देणाऱ्या सतरा एसट्यांचा वर्षाचा धूर. एका आगारातल्या सतरा गाड्या. मी हे वर्गात सांगितलं तर एक पोरगी म्हणाली, सर, आमच्या गावाला आधीच एकच एसटी येते, ती पण कमी करणार का?

तरीही मी या कामाला थोतांड म्हणणार नाही. क्लाऊस लॅकनर या शास्त्रज्ञानं १९९९ मध्ये हवेतून कार्बन धरायची कल्पना मांडली तेव्हा लोक हसले होते. सिमेंट, पोलाद, विमानं यांचा काही धूर राहणारच, तो कधीतरी परत ओढावा लागेल. पण ते ज्यांच्याकडं स्वस्त स्वच्छ वीज आणि साठवायला जागा आहे त्यांनी आधी करावं. दीड लाख नोंदणी घेऊन अंबाजोगाईत नव्हे.

चुनकळी_अंबाजोगाई

मंडळी, उशीर झाला. मध्ये खतं-बियाण्याचा सीझन, मग पोरीच्या ॲडमिशनची धावपळ.

शेवटचे आकडे. माठाखालची परात, रोज खालीवर केलेली, पावसाळ्यात भरभर चढली. तव्यावर कोरडी करून ६१८. सरांच्या हिशोबानं दोनशे ग्रॅम वायू आत, तीनात दोन हिस्से मुरलं. कपाटावरची, जिला तव्यावरनं परत ठेवल्यापासून हात लावला नाही, ती ५५२. तिचा वरचा थर खडूच्या वडीसारखा टणक झालता. कालथ्यानं उचकून मधोमध मोडला, थेंब टाकला. वरचा दोन गहू जाडीचा थर पांढराच राहिला, आणि त्याच्या खाली असा गुलाबी फुटला की सौ. म्हणाली, गुलाल सांडला का. चार-साडेचार महिने हवेत उघडा, आणि आतल्याला हवेचा पत्ता नाही.

साडूचं: ट्रेवाल्यांचा फोन लागत नाही. तालुक्याला तक्रार देऊन आलो. पावती नुसत्या मोबाइलवरच्या फोटोत आहे, शिक्का नाही. हवालदार म्हणले, 'कार्बन म्हणजे तो कागद का?' त्यांना समजावण्यात अर्धा तास गेला. ट्रेमध्ये साडूनं मेथी लावलीय.

दुकानाच्या छतावर तीन किलोवॉटचं कोटेशन घेतलंय. अजून ठरलं नाही, बँकेचं बघतोय.

महालक्ष्म्या आल्यात, त्यामुळं पराती परत द्यायचा हुकूम झाला, सोळा भाज्यांना भांडी पुरत नाहीत. भुगा काढून एका डब्यात भरून ठेवलाय, वर तारीख टाकलीय. पण माठाखालच्या परातीला खाली पांढरी खपली धरलेली, घासणीनं निघेना, राखेनं निघेना. शेवटी सौ.नी लिंबाची फोड घेऊन चोळली. फस्स करून फेस आला, मी पुढं वाकून बघत होतो, दोन मिनिटांत तळ लख्ख.

सौ. म्हणाली, 'निघालं बघा.'